आधी 'घरंदाज गायकी' की 'द म्युझिक रूम'?

हिंदुस्तानी शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांत 'सध्या काय वाचताय?' असा विषय निघाला, की या दोन पुस्तकांची नावं हमखास येतात. परवा एका मैत्रिणीने विचारलं, आधी कोणतं घेऊ?

वाचायला सोपं म्हणाल, तर नमिता देवीदयाल यांचं 'द म्युझिक रूम' (२००७). मूळ इंग्रजी, पण कादंबरीसारखं ओढून नेतं. लेखिकेच्या गुरू धोंडूताई कुलकर्णींची तालीम, धोंडूताईंच्या गुरू केसरबाई केरकरांचा दरारा. रागांची ओळख नसली तरी अडत नाही.

वामनराव देशपांड्यांच्या 'घरंदाज गायकी'ला (१९६१) मात्र थोडा तयार कान लागतो. घराणी म्हणजे गुरु-शिष्यांतून चालत आलेल्या गायनशैली; त्यांत किराणा घराण्याचा ओढा स्वराकडे, आग्रा घराण्याचा लयीकडे, जयपूर घराण्यात दोन्हींचा तोल, अशी मांडणी आहे. ती वाचताना किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ आणि आग्र्याचे फैयाजखाँ लागोपाठ लावा, मुद्दा लगेच कानाला कळतो. वामनराव जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले, त्यामुळे जयपूरला झुकतं माप जाणवतं. तरी युक्तिवाद इतका स्वच्छ, की वाद घालायलाही मजा येते. पुन्हापुन्हा काढावं असं पुस्तक हेच.

नव्याने ऐकू लागलेल्यांनी 'म्युझिक रूम' घ्यावं. दोन गायकांचा एकच राग इतका वेगळा का वाटतो, हा प्रश्न छळत असेल तर थेट वामनराव.