‘पेसो मान्यताप्राप्त’ पेट्रोल कॅन आणि परत न जाणारा माल

‘पाच लिटरचा, जाड पत्र्याचा, पेसो मान्यताप्राप्त जेरीकॅन’ म्हणून मला ऑनलाइन विकण्यात आलेला डबा ना पाच लिटरचा निघाला, ना जाड पत्र्याचा, आणि पेसोच्या, म्हणजे पेट्रोलची भांडी मान्य करणाऱ्या सरकारी संघटनेच्या, मान्यतेचा तर त्यावर कुठेही पुरावा नव्हता. रक्कम मोठी नव्हती, साडेचौदाशे रुपये. परंतु ही फसवणूक ज्या बेमालूमपणे रचलेली आहे, ती जनरेटर किंवा ग्रासकटर बाळगणाऱ्या आणि गाडीसाठी अडीअडचणीला थोडे इंधन हाताशी ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यातील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती, आणि तेव्हापासून ज्यांना परवडले त्यांनी पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर घेऊन ठेवला. पंप लांब असल्यामुळे इंधन आणून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि बहुतेक ठिकाणी ते खाद्यतेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनमध्येच ठेवले जाते. कायद्याला हे मान्य नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल 30 लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते, मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच असावे लागते. काचेचे व चिनी मातीचे भांडे एक लिटरहून आणि धातूचे 25 लिटरहून मोठे चालत नाही. शिवाय 2002 च्या नियमांनुसार एक लिटरहून मोठे भांडे मुख्य विस्फोटक नियंत्रकांनी मान्य केलेल्या प्रकारचेच हवे. हे ज्या संघटनेच्या अखत्यारीत येते ती पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच पेसो, आपल्या नागपुरात आहे. नियम पाळू पाहणारा ग्राहक ‘पेसो’ हा शब्द वाचून निर्धास्त होतो, हे या विक्रेत्यांनी चांगलेच हेरले आहे.

जाहिरातीतील छायाचित्रात लष्करी धाटणीचा, तीन दांड्यांचा आणि खटक्याच्या झाकणाचा कॅन होता. हाती आला तो आट्याच्या झाकणाचा हिरवा डबा, ज्याची बाजू अंगठ्याने दाबली की आत जाई आणि सोडली की टणकन बाहेर येई. त्यावर ‘पेसो मान्यताप्राप्त’ असा चकचकीत स्टिकर होता, पण मान्यता क्रमांक, उत्पादकाचे नाव, पत्ता, महिना, वर्ष यांपैकी काहीही नव्हते. मी त्याच दिवशी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. ‘सर, मॉडेल अपडेट झाले आहे, क्वालिटी तीच आहे, वापरून बघा, तक्रार असल्यास लगेच बदलून देऊ’ असे उत्तर तत्परतेने आले. त्यातील ‘वापरून बघा’ या दोन शब्दांतच सगळी मेख होती, हे पुढे कळले.

पहिल्या पंपावर व्यवस्थापकांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि ‘साहेब, यावर नंबर कुठे आहे?’ असे विचारून पेट्रोल देण्यास नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या पंपावर कोणी काही विचारले नाही. तेथे मशीनवर चार लिटरचा आकडा जेमतेम पुढे सरकला आणि पेट्रोल डब्याच्या तोंडाशी आले. पुढे डबा रिकामा करून, पूर्ण वाळवून, काठोकाठ पाणी भरून वजन केले तेव्हा पाणी चार किलो तीनशे ग्रॅम भरले, म्हणजे धारकता चार लिटर तीनशे मिलिलिटर. त्यातही पेट्रोल काठोकाठ भरायचे नसते, कारण तापमान 20 अंशांनी वाढले तर पाच लिटर पेट्रोल सुमारे 100 मिलिलिटरने प्रसरण पावते आणि त्याला वर मोकळी जागा लागते. तेव्हा सुरक्षितपणे भरायचे म्हटले तर हा डबा जेमतेम चार लिटरचा.

पडवीत ठेवलेल्या डब्याच्या दोन्ही बाजू दुपारच्या उन्हाच्या झळीने फुगल्या आणि झाकणाभोवती ओल दिसू लागली. झाकण उघडले तर आतले गास्केट फुगून खाचेबाहेर आले होते. साधे रबर पेट्रोलमध्ये फुगते. इंधनासाठी नायट्राइल रबर लागते, आणि त्याच्या किमतीतील फरक असून असून किती असणार! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि पडवीपलीकडेच आमची पाणी तापवण्याची चूल आहे. जनरेटरही त्याच सुमारास बंद पडला. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडून जेट उजेडात धरला, तारेने टोकरला, आणि निघालेला कचरा फडक्यावर टिपून माझ्यापुढे धरत म्हणाला, ‘काका, हा तुमच्या डब्याचा रंग.’ आतून दिलेला पिवळट मुलामा पेट्रोलने सुटून खपल्या झाल्या होत्या.

आता बदलून मागितले तर ‘माल वापरलेला आहे’ हे कारण तयार होते. बरीच पत्रापत्री झाल्यावर विक्रेत्याने ‘स्वखर्चाने कुरिअर करा’ असे सांगितले, आणि पेट्रोलचा वास येणारे पार्सल एकाही कुरिअरवाल्याने घेतले नाही. ते घेणार नाहीत, हे विक्रेत्याला पुरेपूर ठाऊक होते. तोपर्यंत परतीची मुदतही उलटली होती. कपडा किंवा मिक्सर वापरून पाहून परत करता येतो. इंधनाच्या डब्याचा दोष मात्र इंधन भरल्यावरच दिसतो आणि इंधन भरले की परतीचा दरवाजा कायमचा बंद होतो.

म्हणून असा डबा घरी आल्यावर परतीच्या मुदतीतच त्याची पाण्याने परीक्षा करावी. काठोकाठ भरून वजन करावे, मग रात्रभर उलटा ठेवून सांध्यांतून आणि झाकणातून थेंब येतो का ते पाहावे. मान्यता क्रमांक डब्यावरच ठसवलेला किंवा छापलेला असावा. नसेल तर मान्यतापत्राची प्रत मागावी आणि ती मिळाली नाही तर माल तसाच परत करावा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, कारण जाहिरात नंतर बदलली जाते. डबा चांगला निघाला तरी तो गाडीच्या डिकीत ठेवून भरू नये; खाली जमिनीवर ठेवून, नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून भरावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. भरलेला डबा गाडीत कायमचा बाळगणे तर टाळावेच.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. स्क्रीनशॉट हाताशी होते म्हणून संकेतस्थळाने अखेर डब्याचे पैसे परत केले. जनरेटरच्या दुरुस्तीचा खर्च मात्र माझ्याच अंगावर पडला. त्या विक्रेत्याचे पान आता दिसत नाही. तीन दांड्यांचा तोच फोटो मात्र दुसऱ्या दुकानाच्या नावाने, दोनशे रुपये कमी किमतीत पुन्हा झळकत आहे, आणि त्यावर ‘पेसो मान्यताप्राप्त’च्या जोडीला आता ‘आयएसआय’ हेही लिहिलेले आहे.