दुकानातला बंपर आणि माझ्या गाडीचा बंपर

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे एका मित्राच्या शेतावर जाताना माझी महिंद्राची थार चिखलात रुतली. पुढे जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून मागून ओढायचं ठरलं. मित्राने आपल्या गाडीचा पट्टा माझ्या मागच्या बंपरच्या कडीत अडकवला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि गाडी हळूच पुढे घेतली. तेलाचा डबा कापताना येतो तसा आवाज आला. माझी गाडी होती तिथेच राहिली. कडी मात्र तळहाताएवढा पत्रा सोबत घेऊन पट्ट्याच्या टोकाला उडाली आणि मित्राच्या डिकीच्या दाराला पोचा पाडून खाली पडली. मध्ये कुणी उभं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो, दवाखान्याच्या नाहीतर पोलीस ठाण्याच्या खेपा घालत असतो.

मी त्या बंपरचे अठ्ठावन्न हजार मोजले होते. ‘तीन एमएम प्लेट, सर. ट्रकने ठोकलं तर ट्रकचं नुकसान होईल,’ असं मला सांगितलं होतं. फाटलेल्या जागी बोट फिरवलं तेव्हा कळलं की आमच्या घरातलं लोखंडी कपाट याच्यापेक्षा फार पातळ नाही.

मुळात मला बंपर हवा होता तो स्टेपनीसाठी. थारची स्टेपनी मागच्या दारावर असते. कंपनीच्या चाकापुरतं ते ठीक आहे. मी हौसेने मोठे, जाड खाचांचे टायर घातले आणि दारावरचं वजन वाढलं. सहा-आठ महिन्यांत खड्ड्यातून जाताना दार खडखडायला लागलं, उघडलं की टोकाला किंचित लोंबायचं. यावरचा उपाय म्हणजे चाकाचं वजन दारावरून काढून चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, घ्यायचं. मागे लोखंडी बंपर, त्याच्या कोपऱ्यात बिजागरी, बिजागरीवर फिरणारा हात आणि हातावर चाक. कल्पनेत काही चूक नाही. स्पितीला जायचं डोक्यात होतं, म्हणून मी दोन हातांचा घ्यायचं ठरवलं: एकावर स्टेपनी, दुसऱ्यावर वीस लिटरचा कॅन. (दोन हात असले की मंडईतून आणलेली पिशवी मागे ठेवायला आधी दोन खिट्ट्या सोडायच्या, दोन्ही हात बाजूला करायचे आणि मग दार उघडायचं. बायकोने हे पहिल्याच रविवारी दाखवून दिलं.)

पुण्याच्या बाहेर एका औद्योगिक पट्ट्यात ते दुकान होतं. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. दारातच स्टँडवर नमुना लावलेला होता. मालक म्हणाला, ‘सर, उभे राहून बघा हातावर.’ राहिलो. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. हात हलला नाही, बिजागरी कुरकुरली नाही, एका बोटाने ढकलला तर लोण्यासारखा फिरला. तिथेच मी विकला गेलो. आता मागे वळून बघताना वाटतं, तो नमुना अगदी खरा होता. त्यात कुठेच खोट नव्हती. फक्त तो विकायला ठेवलेला नव्हता.

तीस हजार आगाऊ दिले. पैसे ‘दुकानाचा क्यूआर चालत नाहीये’ म्हणून दुसऱ्याच एका माणसाच्या खात्यावर गेले. हातात आलं ते पॅडवर लिहिलेलं कच्चं बिल. पक्कं हवं असेल तर अठरा टक्के वर पडतील म्हणाला, आणि मीही साडेदहा हजार वाचवल्याच्या आनंदात गप्प बसलो. कंपनीचा बंपर ‘आमच्याकडेच राहू द्या, तीन हजार कमी करतो’ म्हणाला, तोही देऊन टाकला. तो चांगल्या भावाने विकला जातो हे मला नंतर कळलं. शिवाय परतीची वाटही माझ्याच हाताने बंद झाली, कारण उद्या भांडण झालं तर गाडीला लावायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

मी विचारलं, हे नियमात बसतं ना? तर त्याने बंपरवरचं एआरएआयच्या, म्हणजे गाड्यांच्या आणि त्यांच्या भागांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेच्या, नावाचं चकचकीत स्टिकर दाखवलं. मी कोथरूडचा. एआरएआयची टेकडी आमच्या गच्चीवरून दिसते. मंजुरीचा क्रमांक काय, कोणत्या भागासाठी दिला, हा एक प्रश्न मला त्या वेळी सुचू नये? नंतर मी तो पाच वेळा विचारला. क्रमांक शेवटपर्यंत मिळाला नाही. स्टिकर छापायला प्रिंटर लागतो, चाचणी लागत नाही.

आठ दिवसांनी फोन आला, ‘गाडी घेऊन या, तासाभरात फिटिंग.’ बंपर काळा रंगवून तयार होता. मी तो कच्चा, रंगाआधीचा, कधीच पाहिला नाही. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. वेल्डिंग कसं आहे, टाका सलग मारलाय की चार-चार बोटांवर ठिपके देऊन मध्ये पुट्टी भरलीय, हे रंगाआधीच दिसतं. रंग चढला की सगळे बंपर सारखेच देखणे.

चिखलातून गाडी निघाली ती शेवटी शेजारच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने, चेसिसला साखळी बांधून. पुण्यात आल्यावर मी बंपर एका निवृत्त फिटर काकांकडे नेला. त्यांनी चहा संपेपर्यंत काही हात लावला नाही, नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘साहेब, काठ बघा.’ बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक काठाला आतून तीन एमएमची अरुंद पट्टी जोडलेली होती. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायचा तर माणूस काठालाच लावणार, आणि काठ बरोबर तीन भरणार. आतला पत्रा सोळा गेज, म्हणजे साधारण १.६ मि.मी.

त्यांनी मला जो हिशेब शिकवला तो कुणालाही करता येतो. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा दर मिलिमीटर जाडीला सुमारे ७.८५ किलो भरतो. माझा बंपर उलगडून सपाट केला तर दीड चौरस मीटर पत्रा होतो, हे आम्ही टेपने मोजून काढलं. तीन मि.मी.चा असता तर नुसता पत्राच पस्तीस किलो भरला असता. दोन्ही हात काढून आम्ही तो शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. ब्रॅकेट आणि पट्ट्यांसकट साडेएकवीस किलो. म्हणून सांगतो, बंपर घेताना वजन लिहून मागा आणि गाडीला लावण्याआधी काट्यावर घाला. दुकानदार कुरकुर करू लागला तर तेच तुमचं उत्तर समजा.

मग काकांनी बिजागरी खोलली. चांगल्या बिजागरीत जाड स्पिंडल असतो, वर-खाली टेपर रोलर बेअरिंग, सील आणि घट्ट करायला नट. साधारण गाडीच्या चाकाच्या हबसारखीच रचना. दुकानातल्या नमुन्यात ते असणारच, त्याशिवाय हात तसा फिरला नसता. माझ्यात काय निघालं? पाइपात पाइप आणि आरपार एक बोल्ट. मोठ्या टायरचं चाक पस्तीस-चाळीस किलोचं, तेही बिजागरीपासून दोन-अडीच फूट लांब लटकलेलं. प्रत्येक खड्ड्याला तो पाइप दुसऱ्या पाइपाला आतून खात होता. पाच महिन्यांत मधली जागा इतकी वाढली होती की हात बंद करताना गुडघ्याने उचलून खिट्टीत बसवावा लागायचा. मला वाटायचं, नवीन आहे, बसेल हळूहळू.

यावर कडी म्हणजे बिजागरीला बाहेरून ग्रीस निपल, म्हणजे आत ग्रीस भरायचं बारीक तोंड, होतं. मी इमानेइतबारे दर महिन्याला त्याला ग्रीस गन लावायचो, ग्रीस बाजूने बाहेर यायचं, आणि मी समजायचो की आत भरलं. काकांनी ते निपल छिन्नीने उडवलं. खाली भोकच नव्हतं. नुसतं वरून चिकटवलेलं! पत्रा पातळ वापरणारा पैसे वाचवतो, एवढं मी समजू शकतो. पण खोटं निपल बसवणाऱ्या माणसाने, मी पुढे ग्रीस गन घेऊन वाकणार, याचाही विचार करून ठेवला होता. खरं सांगतो, मला त्या निपलाचा जितका राग आला तितका अठ्ठावन्न हजारांचा आला नाही.

बाकीचं थोडक्यात. ‘पावडर कोटिंग’ म्हणून सांगितलेला रंग थिनरच्या फडक्याने पुसला गेला; भट्टीत भाजलेलं पावडर कोटिंग असं सुटत नाही. ‘चेसिस माउंट’ म्हणजे कंपनीच्या बंपरच्याच ब्रॅकेटला चार बोल्ट. थार लॅडर, म्हणजे शिडीसारख्या, चेसिसची गाडी आहे, मागे दोन भक्कम दांडे आहेत, पण त्यांना याने स्पर्शही केला नव्हता. पार्किंग सेन्सर लोखंडात असे बसवले की रिव्हर्स टाकला की सतत किंचाळायचे, म्हणून त्याने वायरच तोडून काळी टेप गुंडाळली होती. सर्व्हिस सेंटरने ती टेप बघितली आणि वायरिंगच्या वॉरंटीतून हात काढून घेतले. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटचं एकदाच बसणारं लॉक तोडून साधे स्क्रू मारलेले होते. आणि स्टेपनीचा हात बंद केला की अर्धा नंबर चाकामागे जायचा.

कायद्याचंही सांगतो, कारण मी स्वतः त्यात धुतल्या तांदळासारखा नाही. गाडीच्या पुढचे क्रॅश गार्ड, बुल बार काढायला लावण्याचं पत्र केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पाठवलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला गाडीच्या मालकाला पाच हजार दंड होऊ शकतो, तुरुंगाचीही तरतूद आहे. दंड मालकाला, बरं का. कंपनीचा बंपर काढून लोखंडी लावणाऱ्याने आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावं. दुकानदार ‘काही होत नाही सर’ म्हणेल. त्याला खरंच काही होत नाही.

त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आधी गोड बोलला, मग ‘तुम्ही ओढायला कडी वापरलीच का, ती शोची आहे’ म्हणाला. बिलावर ‘रिकव्हरी पॉइंट’ म्हणजे ओढायला पट्टा अडकवायची जागा, असं त्याच्याच अक्षरात होतं. मग ते कच्चं बिल आपलं नाहीच, यावर आला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्याने उत्तर दिलं नाही. आता जिल्हा आयोगात अर्ज केलाय. दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि पाच लाखांच्या आतल्या रकमेला फी नाही. पक्कं बिल नसल्याने सगळी भिस्त व्हॉट्सॲपच्या संदेशांवर आहे. ‘३ एमएम पक्का’ हे त्याने दोनदा लिहिलंय. पैसे तिसऱ्याच्याच खात्यात का गेले, हे मात्र वकिलाला समजावताना मला घाम फुटला.

गाडीला कंपनीचा नवा बंपर विकत घेऊन लावला. टायर पुन्हा मूळ मापाचे घातले, दाराच्या बिजागऱ्या नीट करून घेतल्या, खडखड थांबली. तो लोखंडी बंपर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला उभा आहे. पहिल्याच पावसात सांध्यांतून गंजाचे ओघळ आले. सेक्रेटरींची दोन पत्रं येऊन गेली. भंगारवाला किलोला तीस रुपये द्यायला तयार आहे, म्हणजे सहाशे पंचेचाळीस. त्याला सांगितलंय, पुढच्या तारखेनंतर ये. निपल वेगळं काढून घरात पिशवीत ठेवलंय, ते आयोगासमोर दाखवायचं आहे.