अंडरग्राउंड संगीतासाठी कोरी कॅसेट: वर्षभर भरून पाहिल्यावर

वर्षाला तीन-चार रेकॉर्डिंग काढायची आणि प्रत्येकाच्या पन्नासेक प्रती खपायच्या, असा ज्यांचा हिशेब आहे त्यांच्यासाठी कॅसेट आजही सगळ्यात सोयीची. विनाइलची रेकॉर्ड दाबून घ्यायची तर मागणी शेकड्यांत नोंदवावी लागते. कॅसेट दहाही भरता येतात, त्या संपल्या की आणखी दहा. फक्त ती ऐकणाऱ्याच्या साध्यातल्या साध्या प्लेअरवरही नीट वाजली पाहिजे, आणि ते सर्वस्वी भरणाऱ्याच्या हातात असतं.

आधी टेप. नव्याने बनणारी बहुतेक टेप टाइप वन, म्हणजे फेरिक (लोह ऑक्साइडचा थर असलेली). टाइप टू बहुधा जुन्या साठ्यातली मिळते आणि दोन खोक्यांतल्या दर्जात फरक पडतो. त्यामुळे वर्षभराच्या सगळ्या प्रती एकसारख्या हव्या असतील तर टाइप वनच बरी. सी-९०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांची, घेऊ नये. सी-६० च्या साधारण १८ मायक्रॉनच्या टेपपुढे तिची टेप १२ मायक्रॉनचीच असते. ती लवकर ताणली जाते, प्लेअरमध्ये लवकर गुंडाळली जाते. ३८ मिनिटांच्या अल्बमला मापाने कापलेली सी-४० उत्तम. लांब बाजू नेहमी ‘ए’ ठेवावी. ‘ए’ आधी संपली तर ऐकणाऱ्याला उरलेली टेप पुढे पळवत बसावं लागतं. तेवढा रिकामा भाग ‘बी’च्या शेवटी गेला तर कुणाचं काही अडत नाही. कॅसेटचा खोका पाच स्क्रूंचा असावा. चिकटवलेला खोका उघडता येत नाही, आणि आत टेप रिळापासून सुटली तर ती प्रत गेलीच.

खरी परीक्षा मास्टरिंगमध्ये, म्हणजे भरण्यासाठीची अंतिम प्रत (मास्टर) तयार करण्यात. स्ट्रीमिंगसाठी चेपून मोठा केलेला मास्टर जसाच्या तसा टेपवर टाकला की ‘स’ आणि ‘श’ फाटतात, झांजांचा नुसता फेस होतो. टाइप वन टेप वरच्या पट्टीत लवकर भरून जाते, आणि चेपलेल्या मास्टरमध्ये तिला दम घ्यायला जागाच उरत नाही. कॅसेटसाठी वेगळा मास्टर करावा: लिमिटर (मोठे आवाज दाबणारा) सैल, ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास ‘स’-‘श’ दाबणारा डी-एसर, ३० हर्ट्झच्या खालचं आणि १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं. डेकचा, म्हणजे कॅसेट भरायच्या यंत्राचा, आवाज दाखवणारा काटा शून्याच्या आसपास राहावा, एखाद्या ठोक्याला +३ पर्यंत गेला तर चालेल. नॉइज, ड्रोन आणि ब्लॅक मेटल या संगीतशैलींना हे माध्यम फार मानवतं. किंचित दबलेला, कडा गोल झालेला आवाज तिथे शोभतो. एकट्या पियानोला मात्र ते उघडं पाडतं. लांबवलेला सूर डगमगला की कानाला लगेच टोचतो, आणि शांत जागी टेपची सळसळ वर येते.

डॉल्बी (टेपची सळसळ कमी करणारी सोय) लावून भरू नये. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या प्लेअरमध्ये डॉल्बी नसतं, मग डॉल्बीने भरलेली टेप त्यावर कर्कश वाजते. दुप्पट वेगाने भरण्याचा मोहही टाळावा. दुप्पट वेगात १० किलोहर्ट्झचा सूर डेकला २० किलोहर्ट्झसारखा उचलावा लागतो. तो टेपवर आवाज उमटवणाऱ्या हेडला पेलत नाही आणि प्रत मंद येते. मूळ वेगात सी-४० च्या ५० प्रती एका डेकवर भरायला ३३ तास २० मिनिटं लागतात, त्यात हाताने बाजू उलटणं वेगळं. हा वेळ धरूनच प्रकाशनाची तारीख ठरवावी.

भरण्याआधी कोरी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत आणावी, म्हणजे ताण सारखा होतो. सुरुवातीचे पाच-सात सेकंद पारदर्शक पट्टीचे असतात. संगीत तिथे सुरू केलं तर पहिला ठोका हमखास जातो. हेड आणि टेप ओढणारा दांडा, म्हणजे कॅप्स्टन, दर दहाएक तासांनी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी डाग येतो, तो टेपचाच भुगा. डाग यायचा थांबेपर्यंत पुसत राहायचं. टेप कॅप्स्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र ओलसर फडकं पुरे.

सगळ्यात जास्त प्रती बिघडतात त्या हेड तिरकं असल्याने. भरणाऱ्या डेकवर सगळं स्वच्छ वाजतं, दुसऱ्या डेकवर तेच पडद्यामागून आल्यासारखं. तपासणी सोपी आहे: १० किलोहर्ट्झचा सूर भरा, कॅसेट दुसऱ्या डेकमध्ये घाला, डावी-उजवी बाजू एकत्र मोनो करा. आवाज हेलकावे खाऊ लागला किंवा एकदम दबला, तर भरणाऱ्या डेकच्या हेडशेजारचा स्क्रू अगदी पाव वळणापेक्षाही कमी फिरवून जुळवायचा. त्यासाठी प्रमाण म्हणून आपलीच प्रत घेऊ नये, कारखान्यात भरलेली चांगली टेप घ्यावी. हे न करता पन्नास प्रती भरल्या तर पन्नासच्या पन्नास मंद निघतात.

मालाचा भरवसा मात्र कच्चा. २०१९ च्या शेवटी टेपवर थर द्यायच्या गॅमा फेरिक ऑक्साइडचा तुटवडा पडला आणि लहान लेबलांच्या कॅसेट रखडल्या. म्हणून टेप हातात पडल्याशिवाय तारीख जाहीर करू नये, आणि पुढच्या रेकॉर्डिंगची टेपही त्याच खेपेत मागवून ठेवावी.

वेष्टनाचा कागद २०० ते २५० जीएसएमचा, घडीच्या रेषा आधी पाडून घेतलेला. कणा साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यावर बारीक अक्षरं वाचताच येत नाहीत. भरून झाल्यावर, त्यावर चुकून पुन्हा भरलं जाऊ नये म्हणून, मागच्या काठावरचे दोन्ही टॅब तोडावेत. ‘ए’ बाजू वर आणि टेपची उघडी कड आपल्याकडे धरली तर ‘ए’चा टॅब डावीकडे येतो. आत डाउनलोडचा कोड ठेवावा, कारण घेणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे प्लेअरच नसतो.