रत्नागिरीतला 'डी४' कोर्स: घ्या, पण लंडनची पाचवी चाल बदलून

रत्नागिरीत शनिवार-रविवारी भरणाऱ्या एका बुद्धिबळ वर्गाने वजिराच्या प्याद्याच्या ओपनिंगचा, म्हणजे डी४ ने होणाऱ्या सुरुवातीचा, छोटा कोर्स काढलाय. सोबत स्पायरल बाइंडिंगची फाइल आणि व्हॉट्सॲपवर पीजीएन (चाली नोंदवलेली संगणकावरची फाइल). तालुका-जिल्हा शालेय स्पर्धा खेळणाऱ्या मुलांसाठी तो आहे आणि त्या मानाने बराचसा नीट आहे. घोळ लंडन सिस्टीमच्या (पांढऱ्याने डी४ नंतर उंट एफ४ वर आणायची पद्धत) प्रकरणात आहे, म्हणजे मुलं जे सर्वांत जास्त खेळणार नेमकं तिथेच.

फाइल म्हणते, समोरचा काहीही खेळो. पांढऱ्याने डी४, घोडा एफ३, उंट एफ४, ई३, सी३ याच चाली कराव्यात (नुसतं घर लिहिलं की प्याद्याची चाल). हा पाठ आता जुना झाला. काळ्याने डी५, घोडा एफ६, सी५, घोडा सी६ केल्यावर पाचवी चाल सी३ खेळलात की काळ्याचा वजीर बी६ येतो. पुढे (आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची) ६. वजीर बी३ सी४ ७. वजीर सी२ उंट एफ५! उंट फुकट दिसतो, पण वजिराने तो खाल्ला की काळा वजीर बी२ वर शिरतो आणि ए१ चा हत्ती गेला. म्हणून निमूट वजीर सी१ करावं लागतं. काळ्याचा उंट मात्र चांगल्या घरात येऊन बसलेला असतो.

हल्ली पाचवी चाल घोडा बी-डी२ (बी१ चा घोडा डी२ वर) करतात, सी३ मागाहून. आता वजीर बी६ आला तर ६. डी घे सी५ (डी च्या प्याद्याने सी५ चं खायचं)! त्याने बी२ चं प्यादं खाल्लं तर ७. हत्ती बी१ वजीर सी३ ८. उंट बी५, आणि काळ्याचा राजा मध्येच अडकतो. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव डिंग लिरेनने नेपोम्नियाश्चीविरुद्ध याच क्रमाने जिंकला. तिथे काळ्याने सी घे डी४ करून उंट एफ५ खेळला, मगच सी३ आलं. फाइलमध्ये हा डाव नसावा, हे नवलच.

काळ्याकडून डी५ ऐवजी आधी जी६ खेळणाऱ्यांना फाइलने दोन ओळींत उरकलंय. तिथे तिसरी चाल घोडा सी३ करून बघा. ई४ ची धमकी डी५ ने अडवली की उंट एफ४, ई३, उंट ई२, मग घोडा ई५ आणि एच४. डी६ केलं तर बेधडक ई४.

क्वीन्स गॅम्बिटच्या (डी४ नंतर सी४) एक्स्चेंज प्रकाराचं, म्हणजे डी५ वर प्यादी अदलाबदल होतात त्याचं, प्रकरण मात्र झकास. पांढऱ्याचा हत्ती बी१, बी४, बी५ हा हल्ला कशासाठी, तर सी६ चं प्यादं लुळं पाडण्यासाठी, हे पटावर दोन्ही रंगांनी खेळवून घेतात. काळ्याने ए६ केलं असेल तर बी५ आधी ए४ हवं, हे मुलं हमखास विसरतात. शिक्षक तिथेच घड्याळ थांबवतात. काळ्याचा घोडा डी६ वरून सी४ वर कसा येतो तेही दाखवतात.

पावसाळ्यात लाइट गेली की तास बुडतो, भरपाई मागून घ्यावी लागते. त्याबद्दल आधीच बोलून ठेवा.

पीजीएन लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्टडीत (चाली साठवायच्या वहीत) टाका, फुकट आहे. एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात. लंडनला वेगळी स्टडी ठेवा आणि पाचवी चाल स्वतः बदला. मग तिथल्या ओपनिंग एक्स्प्लोररला (कोणती चाल किती खेळली गेली ते दाखवणारं साधन) आपल्या रेटिंगचा फिल्टर लावून काळ्याची खरी उत्तरं बघा. फाइलमध्ये प्रत्येक वळणावर एकच उत्तर दिलंय.