लगेच आवाज आला म्हणून खूश झालो, तिथंच फसलो

जुना वॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप्लीफायर घ्यायच्या नादात कुणी असेल तर आधी हे वाचा, माझे ३२ हजार गेलेत.

संकेश्वरकडच्या एका पोराची जाहिरात बघितली. स्टिरिओ, ईएल-८४ जातीचे चार वॉल्व्ह, ईसीसी-८३ जातीचे दोन, सगळे मुलार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचे. फोनवर म्हणाला, "आजोबांचं मशीन वो काका, घरात कुणाला त्यातलं कळत नाही म्हणून द्यालोय." रविवारी बेळगावहून गाडी काढून गेलो. तीन काळे ट्रान्सफॉर्मर, उचलून बघितलं तर कमरेत चमक भरायची वेळ. कुमार गंधर्वांचं भजन लाव म्हटलं, आपल्या सुळेभावीचा माणूस. बटण दाबल्या दाबल्या आवाज आला, आणि नंतर सावकाश वॉल्व्ह नारिंगी झाले. "बघा की काका, एवढं जुनं असून कसं लगेच उचलतंय!" मी खूश.

आता स्वतःला शिव्या घालतोय. वॉल्व्हचा हीटर, म्हणजे आतली तार, तापल्याशिवाय आवाज येतच नाही, दहा-वीस सेकंद जातातच, हे मला पाठ होतं. पण काचेत ते नारिंगी दिसलं की डोकं चालत नाही बघा.

शहापुरात एक मामा आहेत, सगळी हयात रेडिओ दुरुस्तीत गेली. त्यांनी प्लग काढायला लावला आणि खालचा पत्रा खोलला. ईएल-८४ च्या सॉकेटला नऊ पिना, त्यातल्या फक्त चार आणि पाच नंबरला वायर, म्हणजे हीटरचे ६.३ व्होल्ट. सात नंबर, म्हणजे प्लेट, जिथून आवाज नेणारी वायर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जायला पाहिजे, ती कोरी, सोल्डरचा ठिपका पण नाही. म्हणजे वॉल्व्ह नुसते शोभेला पेटत होते, आवाज येत होता कोपऱ्यातल्या टीडीए-२०३० नावाच्या दोन अँप्लीफायर चिपांतून. मग मामांनी ट्रान्सफॉर्मरची टोपणं काढली. एक खरा, दोनात वाळू-सिमेंट! ते वजन त्याचं होतं.

मुलार्डची छपाई बोटानं पुसली गेली, पण मामा म्हणाले त्यावरून काही ठरवू नको, अस्सलची पण पुसते, काचेत खाली कोरलेला कोड बघ, मुलार्डच्या ब्लॅकबर्न फॅक्टरीचा असेल तर त्यातली खालची ओळ बी नं सुरू होते. माझ्या चौघांची काच गुळगुळीत.

तेव्हा जाताना मशीन गार असतानाच चालू करायला लावा, नि घड्याळ बघा. आधीच चालू करून ठेवलं असेल तर बंद करून चहा पिऊन या. पैसे द्यायच्या आधी खालच्या वायरिंगचा फोटो मागा, पत्रा मात्र स्वतः खोलू नका, खऱ्या मशीनच्या कपॅसिटरमधे प्लग काढल्यावर पण अडीचशे-तीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात, जाणकार माणूस सोबत न्या.

पोराचा फोन बंद. परवा तसल्याच मशीनची जाहिरात दिसली, तेच टेबल, तोच टॉवेल, फक्त आजोबा आता गडहिंग्लजचे झालेत.