आधी रंग की आधी टाके? भरतकामाच्या भेटकार्डाच्या दोन वाटा

रंगवलेल्या कापडावर मशीनने भरतकाम करून भेटकार्ड करायचं म्हटलं, की सगळे आधी मशीनबद्दल विचारतात. मी त्यांना उलटा प्रश्न टाकते: कापड आधी रंगवणार, की आधी टाके घालून मग रंग भरणार? दोरा कुठला, खाली अस्तर कसलं, इस्त्री कधी, एका बैठकीत किती कार्डं होणार, हे सगळं या उत्तरावर ठरतं. मी दोन्ही वाटांनी भरपूर कार्डं केली आहेत आणि दोन्ही वाटांनी कापड वायाही घालवलं आहे.

दोन्हीकडे सारखं आहे ते आधी उरकते. कापड सुती आणि घट्ट विणीचं, मांजरपाट किंवा पॉपलीन. खळ निघेपर्यंत धुतलेलं हवं, नाहीतर रंग धाग्यात शिरत नाही, वरच बसतो. रंग कापडाचाच घ्यावा. साधा अ‍ॅक्रिलिक असेल तर त्यात फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग कापडावर लवचीक ठेवणारं द्रावण, मिसळावं. कार्डाची खिडकी, म्हणजे कापड दिसावं म्हणून कार्डात कापलेला चौकोन, ७ सेंटीमीटर धरली तर डिझाइन ५-६ सेंटीमीटरचं पुरतं, म्हणजे कापड ताणून धरणारी १०० × १०० मिलिमीटरची लहान फ्रेम भरपूर झाली. सुई ७५/११ एम्ब्रॉयडरीची, वर ४० नंबरचा दोरा, बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळात, त्याहून बारीक.

आधी रंग

या वाटेची खरी मजा रंगवण्यात आहे. मोठं कापड पसरायचं, पाण्याने ओलसर करायचं आणि दोन-तीन पातळ रंग एकमेकांत उतरू द्यायचे. काय होईल ते होऊ दे. वाळल्यावर जाड कागदात ७ सेंटीमीटरची खिडकी कापायची आणि ती कापडावर सरकवत न्यायची. उघड्या कापडावर नुसते डाग दिसत होते, तिथेच खिडकीतून एकीकडे संध्याकाळचं आभाळ सापडतं, दुसरीकडे तळ्याचा काठ. निळ्यात हिरवा मिसळून जो गढूळ पट्टा उमटला म्हणून मी चरफडले होते, त्याच पट्ट्यावर नंतर गवताची पाती सगळ्यात छान दिसली. ५० सेंटीमीटरच्या चौकोनातून ९ सेंटीमीटरचे २५ तुकडे निघतात, म्हणजे एका दुपारच्या रंगकामात २५ कार्डांचा पाया तयार.

तुकडा थेट फ्रेममध्ये आवळू नका. रंगावर फ्रेमची खूण उमटते आणि थर जरा जाड असेल तर तिथे तडा जातो. फ्रेममध्ये फक्त स्टॅबिलायझर, म्हणजे टाक्यांना आधार देणारं खालचं अस्तर, ताणायचा आणि तुकडा त्यावर तात्पुरत्या चिकट स्प्रेने बसवायचा.

आता धोका. माझं पहिलं सूर्यफूल मी दाट रंगाने, पाकळ्यांना चांगला उठाव देऊन रंगवलं होतं. मशीन सुरू होताच नेहमीची घरघर ऐकू येईना, टक-टक-टक असा आवाज यायला लागला. दर चार बोटांवर दोरा पिंजून तुटत होता. सुई काढून उजेडात धरली तर नेढ्याशी पिवळा चिकटा जमलेला. तरी मी हट्टाने कडेचा भरीव टाका पुरा केला. टाक्यांमधलं अंतर असतं साधारण ०.४ मिलिमीटर, आणि दाट वाळलेला रंग म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्राच. त्याला पडलेलं भोक कापडासारखं परत मिटत नाही. फ्रेम सोडवली तेव्हा एक पाकळी पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांवरून सुटून हातात आली.

तेव्हापासून एक चाचणी करते. वाळलेलं कापड मुठीत चुरगळायचं. कागदासारखं वाजलं तर त्यावर मशीन चालवायची नाही. ते नुसतं चित्र म्हणून लावावं.

दुसरी चूक डिझाइन निवडण्यातली. तयार डिझाइनं बहुधा काठोकाठ भरलेली असतात. दहा-बारा हजार टाके एवढ्याशा तुकड्यात कोंबले की कापड चुणतं, पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, आणि मुख्य म्हणजे रंग झाकला जातो. मग रंगवलंत कशाला? भरायचं काम रंगाने केलेलं आहे, दोऱ्याने फक्त रेघ ओढावी. दोन-तीन हजार टाक्यांचं रेघांचं डिझाइन पुरे. मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने ३,००० टाके पाच मिनिटांत होतात. गडद रंगावर बॉबिनचा पांढरा दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर डोकावतो. वरचा ताण थोडा सैल करा, नाहीतर बॉबिनमध्येच त्या रंगाचा दोरा भरा.

आधी टाके

इथे पांढऱ्या कापडावर काळ्या किंवा गडद तपकिरी दोऱ्याने चित्राच्या रेघा शिवायच्या आणि मग मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखा आत रंग भरायचा. साधं शिवणयंत्र असणाऱ्यांना ही वाट जास्त मानवते. कापड पुढे सरकवणारे दात खाली करायचे, डार्निंग फूट (कापड मोकळं फिरू देणारा मशीनचा पाय) लावायचा, कापड रिंगमध्ये ताणून हाताने फिरवायचं. रेघ थरथरते, आणि ती थरथर छान दिसते. सुई कोऱ्या कापडातून जाते, त्यामुळे दोरा तुटण्याची कटकट नाही. रेघ आणि रंग जुळवण्याची कसरतही वाचते. पहिल्या वाटेत तुम्ही ठरीव आकार रंगवलात, म्हणजे पान किंवा पक्षी, तर त्याच्या बरोब्बर कडेवर टाके आणताना नाकी नऊ येतात. मिलिमीटरभर सरकलं तरी डोळ्यांत खुपतं.

त्रास पाण्याचा. एकदा मी खाली पाण्यात विरघळणारा स्टॅबिलायझर लावून टाके घातले आणि तो तसाच ठेवून वर पातळ रंग लावला. तो विरघळला, रंगात मिसळला आणि सगळ्याची खळ झाली. या वाटेत खाली फाडून काढायचा स्टॅबिलायझरच बरा.

टाक्याची रेघ रंगाला बांध घालील अशी आशा ठेवू नका. सुईच्या भोकांतून ओल पलीकडे जातेच. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, पाकळीच्या मध्यातून सुरुवात करा आणि रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा, उरलेलं अंतर रंग स्वतःच चालून जातो. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, रेयॉन ओल ओढून घेतो आणि त्याबरोबर रंगही. रंग पक्का करताना घडी घातलेल्या टॉवेलवर टाके पालथे ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे उठाव चपटा होत नाही. जरीसारखा चमकता दोरा हवा असेल तर तो इस्त्रीनंतर घाला, उष्णतेने तो आखडतो.

निवड कशी करावी

वेळेच्या हिशोबात पहिली वाट सरळसरळ जिंकते. बहुतेक फॅब्रिक रंगांवर २४ तास वाळवून मग इस्त्री, अशी सूचना असते. पहिल्या वाटेत ही वाट पाहणं सगळ्या कापडासाठी एकदाच होतं. दुसरीत प्रत्येक कार्ड वेगळं रंगवत बसावं लागतं.

पण मला वेळेपेक्षा दुसरा मुद्दा मोठा वाटतो: शेवटी चुकलं तर काय काय जातं? आधी रंगवलं आणि रंग फसला तर फक्त कापड गेलं. आधी शिवलं आणि शेवटी डाग पडला तर तासाभराचे टाकेही त्याबरोबर गेले. म्हणून ज्या कामात हात कच्चा, ते आधी उरकावं. ब्रश धरायची सवय नसेल तर आधी रंग. चित्रकलेत हात बसलेला असेल आणि मशीनची भीती असेल तर आधी टाके. जमलेली रेघच तेवढी रंगवायला घ्यावी.

एकसारखी वीस-पंचवीस कार्डं, कॉम्प्युटरवरची एम्ब्रॉयडरी मशीन: आधी रंग, दुसरा विचारही नको. एकाच माणसासाठी, त्याच्या घराचं किंवा मांजराचं चित्र: आधी टाके. लहान मुलाने कापडावर रंगवलं आणि मोठ्याने त्यावर रेघ शिवली, हाही पहिल्याच वाटेचा प्रकार, आणि मला तर सगळ्यांत आवडता. मुलाचा रंग रेघेबाहेर गेला असं होतच नाही, कारण रेघ नंतर येते.

मी स्वतः अलीकडे बरेचदा मधलं काहीतरी करते. खूप फिकट पार्श्वभूमी, इस्त्री, त्यावर रेघा, आणि शेवटी कोरड्या ब्रशने एखाद्याच पाकळीवर गडद छटा.

चिकटवताना ओला गोंद टाळा, कार्डाला पोक येतो. दुहेरी चिकटपट्टी लावा. तीन पानांचं घडीचं कार्ड घेतलं तर मागच्या गाठी आणि बॉबिनची बाजू तिसऱ्या पानाआड जाते. गाठी मात्र आधी कापून घ्या, नाहीतर तो फुगवटा बोटाला लागतो. आणि लिफाफा कार्ड पूर्ण झाल्यावरच मोजून घ्या. टाक्यांनी जाडी वाढते, मी नेमका बेतलेला लिफाफा दोनदा फाडला आहे.