ड्रोन सर्व्हेच्या नावाखाली फुकटची फाईल विकली

मी धुळ्यात आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देतो. साक्री तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्राचं काम आलं होतं. जागा 14 एकर, एका अंगाला नाला, मागे काळ्या दगडाची लांबच लांब धार. आपल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा धारा पुष्कळ आहेत. जमिनीच्या भेगांत लाव्हा थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या. सगळ्या कॉटेजची तोंडं त्या धारेकडे होती, म्हणून जमिनीचा खरा चढउतार हवा होता.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. ड्रोन उडवून अर्ध्या मीटरचा टेरेन, म्हणजे दर अर्ध्या मीटरला जमिनीची उंची सांगणारी फाईल, आणि 5 सेंटिमीटरचा ऑर्थोफोटो, म्हणजे नकाशासारखा मापात बसवलेला वरून घेतलेला फोटो, देतो म्हणाला. 42,000 ठरले. अर्धे आधी दिले. फाईल आली, सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित उघडली, तेवढ्यावर उरलेले पैसेही यूपीआयने पाठवले. फाईल उघडली म्हणजे ती खरी, असं धरून चाललो, ही माझी चूक.

वॉकथ्रू दाखवायला गेलो तेव्हा मालकाचे वडील, आप्पा, स्क्रीनजवळ सरकून म्हणाले, "आमना नाला कोठे गया, भाऊ?"

नाला नव्हताच. आठेक मीटर रुंद, पुरुषभर खोल नाला, आणि माझ्या टेरेनवर तिथे नुसता हलका उतार. मागची धारसुद्धा गोल टेकाडासारखी पसरलेली.

घरी येऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड काढलं, म्हणजे उंच्यांवर तिरपा उजेड पाडून सावल्यांचं चित्र केलं. एरवी न दिसणारे 30 मीटरचे चौकोन त्यात लख्ख उमटले. मग एसआरटीएमचा डेटा उतरवून घेतला. 2000 च्या फेब्रुवारीत नासाच्या एंडेव्हर यानाने 11 दिवसांत रडारने घेतलेल्या या उंच्या कोणालाही मोफत मिळतात. दोन्ही फाईलींची वजाबाकी केली तर फरक जवळपास शून्य. हिशेब करून पाहा: 30 मीटरचा एक चौकोन 900 चौरस मीटरचा, म्हणजे 14 एकरांत जेमतेम 63 उंच्या. त्या 63 आकड्यांमध्ये मधले आकडे भरून त्याने सव्वादोन लाख केले होते. जागेची माहिती कणभरही वाढली नव्हती.

ऑर्थोफोटोही उपग्रहाचंच जुनं चित्र, ताणून मोठं केलेलं. दोन वर्षांपूर्वी खोदलेलं शेततळं त्यात नव्हतं. आणि ड्रोन उडाला असता तर निम्मं गाव बघायला जमलं असतं. आप्पांच्या शेजाऱ्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नाही.

मी मूळ फोटो मागितले. ड्रोनच्या फोटोत बहुधा जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदलेली असते. तो म्हणाला, हार्ड डिस्क गेली. जमिनीवर खुणा कुठे मारल्या, त्यांचे मोजलेले बिंदू द्या म्हटलं, तर उत्तर नाही. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ड्रोनला ओळख क्रमांक लागतो. तो विचारल्यावर माझा नंबर ब्लॉक झाला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

मित्रांनो, 30 मीटरचा डेटा वाईट नाही. दूरचे डोंगर उभे करायला मी तोच वापरतो, इस्रोच्या भुवन या वेबसाइटवरही कार्टोसॅट उपग्रहाचा तसाच मोफत मिळतो. पण तो प्लॉटच्या आतला डेटा म्हणून कोणी विकत असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी मूळ फोटो आणि प्रोसेसिंगचा रिपोर्ट हातात घ्या. हिलशेड काढा. जागेवरची एखादी विहीर, बांध किंवा नाला फाईलमध्ये शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

मी नंतर टोटल स्टेशनवाला, म्हणजे जागेवर यंत्र लावून एकेक बिंदू मोजणारा, सर्व्हेअर नेला. आप्पा दिवसभर उन्हात पुढे चालत नाल्याचा काठ कुठे ढासळतो आणि पाणी कुठवर चढतं ते दाखवत होते. कॉटेजची खालची रांग आता नाल्यापासून मागे घेतली आहे.